धनुष्याची दोरी

धनुष्यास सर्वांत बळकट दोरी लावावी, असें पुष्कळांस वाटतें. मला तें मान्य नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत दोरीसाठीं मूर्वा, रुई, ताग, वेळू, स्नायु इत्यादि पदार्थ सांगितले आहेत. प्रत्यंचेस ‘मौर्वी’ म्हणतात, तें मूर्वेवरूनच. स्नायूंची दोरी चिवट खरी, परंतु ओल लागतांच सैल पडते. आजचा डायनिमा धागा या सर्वांहून बळकट. पण तो ताणानें जवळजवळ लांबतच नाहीं. त्यामुळें बाण सुटतांना सारा धक्का लाकडावर येतो व जुन्या पद्धतीचें धनुष्य भंगूं शकतें. डेक्रॉन किंचित् लांबून तो धक्का सौम्य करितो. म्हणून पालकांनीं मुलाच्या लाकडी धनुष्यास डेक्रॉनच घ्यावा. झिजलेली दोरी बदलतां येते. मोडलेलें धनुष्य सांधतां येत नाहीं.