दवंडी कुणाची, हे आधी विचारा

गावात माणसे पारावर बसतात पण एकमेकांशी बोलत नाहीत, सगळी मोबाईलात डोके घालून असतात, हे रडगाणे आता जुने झाले. ते पुन्हा गाण्यात अर्थ नाही. मोबाईल गावात आला तो राहायलाच आला. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ सुरू झाले, इंटरनेट स्वस्त झाले, आणि दोन-तीन वर्षांतच ज्या पाड्यावर एसटी दिवसातून एकदा जाते तिथे व्हॉट्सअ‍ॅप चोवीस तास जाऊ लागले. त्याचा काहीच फायदा झाला नाही असे कुणी म्हणत असेल तर तो खोटे बोलतो. लासलगावला कांदा काय भावाने गेला हे शेतकऱ्याला आता बांधावर कळते. कपाशीच्या बोंडात अळी दिसली की फोटो काढून जाणत्या माणसाला पाठवता येतो, त्यासाठी तालुक्याला खेटे घालावे लागत नाहीत. ऊसतोडीला गुजरातेत गेलेले आईबाप रात्री कोपीतून व्हिडीओ कॉल लावतात आणि आजीजवळ ठेवलेल्या लेकरांची तोंडे पाहतात. मोबाईलने एवढे एकच काम केले असते तरी त्याचे उपकार मानावे लागले असते.

तेव्हा मोबाईल हवा की नको हा वाद मिटलेला आहे. वाद दुसराच आहे. त्या मोबाईलातून आपल्याशी बोलतो कोण, हे आपण कधी विचारतो का?

पूर्वी गावात बातमी यायची ती कुणाच्या तरी तोंडून यायची. कोतवालाने दवंडी दिली तर ती कुणाच्या हुकमाने दिली हे सगळ्यांना ठाऊक असे. बाजारातून कुणी काही ऐकून आला की पहिला सवाल, "तुला कुणी सांगितलं?" आणि सांगणाऱ्याचे नाव कळले की अर्ध्या बातम्या तिथेच निकालात निघत. "त्याचं काय खरं धरतो बाबा!" एवढ्यावर विषय संपे. बातमीला तोंड होते आणि त्या तोंडाची किंमत गावाला माहीत होती. मोबाईलवर आलेल्या बातमीला तोंडच नसते. ती ज्याच्याकडून आली त्याला दुसऱ्याकडून, दुसऱ्याला तिसऱ्याकडून. पण वाचणाऱ्याला मात्र नाव दिसते ते आपल्या मेव्हण्याचे. मग ती खरी वाटते. वर पुन्हा म्हणायचे, "मोबाईलमा येल शे भो, खोटं कसं व्हई?"

हे 'येल शे' किती महागात पडते ते आपल्या जिल्ह्याला दुसऱ्या कुणी सांगायला नको. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, आठवडे बाजाराच्या दिवशी, पाच माणसे जमावाने ठेचून मारली. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ती माणसे. मंगळवेढ्याकडची. पिढ्यान् पिढ्या गावोगाव भिक्षा मागत हिंडणारा हा समाज. त्या आधी कित्येक दिवस मुले पळवणारी टोळी आली आहे, अशा चित्रफिती आणि मजकूर घरोघरच्या मोबाईलात फिरत होता. बाजारात अनोळखी माणसे दिसली, त्यांतला एक जण लहान मुलीशी बोलताना दिसला म्हणे, आणि गर्दीने ठरवून टाकले की हीच ती टोळी. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून त्यांना मारले. ज्या जागी न्याय मागायला जायचे तीच ही जागा.

त्याच रात्री मालेगावातही असाच प्रकार होणार होता. तिथे पोलीस वेळेवर पोचले, काही जाणती माणसे आडवी आली आणि एक कुटुंब वाचले. अफवा तीच होती. फरक पडला तो आडवे येणाऱ्या माणसांमुळे.

आता त्या चित्रफितींतल्या एकीची हकीकत ऐका. मोटारसायकलवरून दोघे येतात, रस्त्यावर खेळणारे पोर उचलतात आणि पसार होतात, असे दाखवणारी ती चित्रफीत २०१८ साली देशभर फिरली. ती मुळात हिंदुस्थानातली नव्हतीच. पाकिस्तानात, कराचीत, मुलांची काळजी घ्या असे आईबापांना सांगण्यासाठी एका संस्थेने ती मुद्दाम तयार करून घेतली होती. मूळ चित्रफितीत ते दोघे पोराला लगेच परत आणून सोडतात आणि हातात फलक धरून दाखवतात, की मूल पळवायला असा क्षणभरच लागतो. कुणीतरी हा शेवटचा भाग कापला आणि उरलेले पुढे पाठवून दिले. परत आणलेले पोर कापून टाकले, पळवलेले तेवढे ठेवले. कापणारा कोण, ते कुणाला कळले नाही. पण पुढे पाठवणारे आपणच होतो, गावोगावचे. 'काळजीपोटी पाठवलं' असे त्यातला प्रत्येक जण म्हणेल, आणि ते खरेही असेल. म्हणूनच ही गोष्ट जास्त भीतिदायक आहे. त्यासाठी कुणी दुष्ट असावे लागत नाही.

राईनपाड्यानंतर दोन वर्षेही झाली नाहीत तोच १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा गाडीवान जमावाच्या हातून मारले गेले. टाळेबंदीचे दिवस, चोरांच्या टोळ्या हिंडत असल्याची अफवा. राईनपाड्याचा धडा शंभर-दोनशे मैल लांब पोचला नाही, अफवा मात्र बिनचूक पोचते.

भिक्षेकऱ्यांनी गावात शिरण्याआधी पोलीस ठाण्यात नोंद करावी, ओळखपत्र गळ्यात घालावे, असे काही जण सुचवतात. सोयीपुरते ठीक आहे. पण मार खाणाऱ्यानेच कागद बाळगायचे आणि अफवा पाठवणाऱ्याने काहीच नाही, हा कुठला न्याय?

व्हॉट्सअ‍ॅपच्या कंपनीने त्या वर्षी काही बदल केले, ते नमूद करायला हवेत. दुसऱ्याचा मजकूर पुढे पाठवला की त्यावर तशी खूण येऊ लागली. एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा हिंदुस्थानात २०१८ च्या जुलैत लागली. पुढे २०२० साली फार वेळा फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे झाले. अशा मजकुरावर दोन बाण असतात. हे दोन बाण घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवा. त्यांचा अर्थ एवढाच, की हे लिहिणारा तुमच्या ओळखीचा नाही आणि ज्याने तुम्हाला पाठवले त्याच्याही ओळखीचा नाही. बाकी कंपनीकडून फार आशा ठेवू नये. मजकूर जितका फिरेल तितका तिचा धंदा चालतो.

हे झाले जिवाचे. पैशाचे दुखणे रोजचे आहे.

चोरांची रीत आता बदलली आहे. अनोळखी नंबरवरून लॉटरी लागल्याचा निरोप आला तर आता शाळकरी पोरही हसते. म्हणून चोर ओळखीच्या नंबरावरून येतो. गावच्या ग्रुपवर भाऊबंदाच्या नावाने एक फाईल पडते. लग्नसराईत ती लग्नपत्रिका असते. पीएम किसानचा हप्ता जमा व्हायच्या सुमारास त्या योजनेची यादी किंवा अर्ज. गाडीवाल्याला आरटीओचे चलन. फाईलच्या नावाचा शेवट 'एपीके' असा असतो. पत्रिका म्हणजे फोटो असायला पाहिजे किंवा पीडीएफ. एपीके म्हणजे पत्रिका नव्हे, ते एक अख्खे अ‍ॅप. ते मोबाईलात बसवले की तुमचे एसएमएस दुसऱ्याला वाचता येतात. बँकेचा ओटीपी तुम्ही कुणाला सांगितला नाही तरी तो चोराला दिसतो. आणि मग तुमच्याच नंबरावरून तीच पत्रिका तुमच्या सगळ्या ग्रुपांवर जाते. भाऊबंदाने फसवले म्हणून घरोघर भांडणे होतात, आणि त्या बिचाऱ्याला पत्ताच नसतो.

पीएम किसानची मदत वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. त्या दोन हजारांच्या आशेने खात्यातले कांद्याचे, दुधाचे सगळे पैसे जातात. योजनेचे काम योजनेच्या सरकारी संकेतस्थळावर किंवा सेवा केंद्रात जाऊन करावे. ग्रुपवर आलेल्या फाईलला हात लावू नये. सांगायला सोपे आहे हे मान्य. पण अर्जाच्या अटी इतक्या वेळा बदलतात, केवायसी इतक्या वेळा मागतात, की शेतकऱ्याला खरा निरोप कोणता आणि खोटा कोणता हे कळणार कसे? सरकारी खात्यांनी याचा विचार करावा. लोकांना घाबरून घाईने काही करायची सवय कुणी लावली?

फेसबुकवर गाय, म्हैस, जुना ट्रॅक्टर विकणे वाढले आहे. गिऱ्हाईक दूरचे असते, बरेचदा आपण लष्करात असल्याचे सांगते, जनावर न पाहताच भाव कबूल करते. म्हैस न पाहता घेणारा माणूस आजवर कुणी पाहिला आहे काय? इथेच पाणी मुरते हे ओळखावे. मग तो पैसे 'पाठवण्यासाठी' क्यूआर पाठवतो आणि म्हणतो, स्कॅन करा, पिन टाका. पैसे घेताना पिन लागत नाही, पिन लागतो तो देताना. ही एक गोष्ट पक्की झाली तर निम्मे गंडे टळतील.

आणखी एक प्रकार. व्हॉट्सअ‍ॅपचा सहा आकडी कोड ओळखीचा माणूस मागतो, 'चुकून तुझ्या नंबरावर आला' म्हणतो. दिला की तुमचे खाते त्याचे. यावर सोपा बंदोबस्त आहे. सेटिंगमध्ये खात्याच्या भागात टू-स्टेप व्हेरिफिकेशन असते, तिथे स्वतःचा वेगळा सहा आकडी पिन घालून ठेवावा. कॉलेजातल्या पोराला सांगितले तर दोन मिनिटांत करून देईल. कुणीही उठून तुम्हाला ग्रुपात घालू नये याचीही तिथेच गोपनीयतेच्या भागात सोय आहे, २०१९ पासून.

आता थोडे अवघड बोलायचे आहे. मुलीचा फोटो उचलून तिच्या नावाने कुणी खोटे खाते काढले, की घरात पहिली शिक्षा कुणाला होते? मुलीला. मोबाईल काढून घेतात, कॉलेज बंद होते, आणि पुढच्या उन्हाळ्यात लग्न. हे मुलींना चांगले माहीत असते, म्हणून त्या घरी सांगत नाहीत. आणि त्या सांगणार नाहीत हे धमकावणाऱ्याला माहीत असते. त्याचे सगळे भांडवल हेच. फोटो हे त्याचे हत्यार नाही, आपले घर हे त्याचे हत्यार आहे. ज्या घरात लेक बापाला न भिता सांगू शकते, त्या घरावर त्याची मात्रा चालत नाही. प्रोफाईलचा फोटो फक्त ओळखीच्यांना दिसेल असे करता येते, फेसबुकचे प्रोफाईल कुलूपबंद करता येते. हे जरूर करावे. पण कुलूप लावूनही चोरी झाली तर घरच्या माणसाला कोंडायचे नसते. महिला आणि मुलांविषयीच्या अशा गुन्ह्यांची तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर नाव न देताही करता येते.

पुरुष मंडळींनी मुलींना उपदेश करताना जरा जपून करावा. रात्री अनोळखी बाईचा व्हिडीओ कॉल घेऊन, त्याचे चित्रण होऊन, अब्रूपोटी पैसे भरणारे बहुतेक मिशीवालेच असतात. तेही कुणाला सांगत नाहीत. पैसे एकदा दिले की मागणी थांबत नाही, वाढते.

पोलिसांच्या वेशात व्हिडीओ कॉल करून 'तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे' म्हणणारेही आहेत. असली अटक कायद्यात नाही. फोन ठेवून द्यावा.

गावच्या ग्रुपचा अ‍ॅडमिन हा एक नवा मानकरी झाला आहे. सदस्याने काही वाईट टाकले तर केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून त्याच्यावर गुन्हा येत नाही, त्याचा त्यात सामील हेतू दिसला पाहिजे, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली सांगितले. कायद्याने सुटला तरी गावापुढे तो सुटू नये. सदस्याने टाकलेला मजकूर अ‍ॅडमिनला सर्वांसाठी पुसता येतो, ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनच लिहील असे करता येते. मुले पळवणाऱ्यांची, चोरांची, जातीधर्माची चेव आणणारी पोस्ट पडली की त्याने पोलीस पाटलाला फोन करून विचारावे आणि तोवर ग्रुप बंद ठेवावा. घटकाभर 'शुभ सकाळ' आली नाही तर कुणाचे काही बिघडत नाही.

राहिला प्रश्न फसल्यावर काय करायचे याचा. १९३० हा नंबर. पैसे गेल्याचे कळताच, तासाभरातच, तिथे फोन केला तर पैसे पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता असते. दिवस उलटला की चोराने ते काढलेले असतात. आपल्याकडे माणूस आधी दोन दिवस लाजेत घालवतो, तिसऱ्या दिवशी बँकेत जातो, चौथ्या दिवशी ठाण्यात. ठाण्यातही 'हे आमच्याकडे येत नाही, जिल्ह्याला जा' असे ऐकून माणसे परत येतात. हे बंद झाले पाहिजे. तालुक्याच्या ठाण्यात तक्रार घेणारा, १९३० ला लावून देणारा एक माणूस ठरवून बसवावा.

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर हागणदारीमुक्तीच्या घोषणा अजून ताज्या आहेत. त्यांच्या शेजारी हा १९३० चा आकडा मोठ्या अक्षरांत रंगवायला चुन्याचा एक डबा आणि गेरू लागेल. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर सरपंचांनी हा विषय घ्यावा, आणि तो 'आयत्या वेळचे विषय' मध्ये ढकलू नये, कारण तोवर निम्मी माणसे उठून गेलेली असतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींना आणि बचत गटाच्या ताईंना बोलवावे. एपीके कशी ओळखायची, दोन बाण कुठे दिसतात, पिन कुठे घालायचा, हे प्रत्येकाच्या हातातल्या मोबाईलवर करून दाखवावे. सभा बाजाराच्या दिवशी ठेवली तर पाड्यांवरची माणसेही येतील.