प्रत्यारोपणे मोजली, व्रण कोण मोजणार?

यकृत-प्रत्यारोपणाच्या आपल्या विज्ञानवार्ता एकाच वाक्यापाशी थांबतात: रुग्ण सुखरूप घरी गेला. माझा आक्षेप या पूर्णविरामाला आहे.

२०२३ मध्ये देशात १८ हजारांहून अधिक अवयव-प्रत्यारोपणे झाली. त्यांत यकृताची सुमारे साडेचार हजार. आकडा अभिमानाचा खराच. पण त्यांपैकी किती जणांच्या पोटाची भिंत पुढे टाक्यांच्या रेषेवर विरली आणि तेथून आतडे बाहेर फुगले, म्हणजेच हर्निया झाला, हे त्या वार्तेत नसते. जगभरच्या अहवालांत हे प्रमाण शंभरात ५ पासून ४० पर्यंत आढळते. जो वर्षभर पाहतो त्याला कमी दिसतात. जो पाच वर्षे पाहतो त्याला अधिक.

‘जीव वाचला, मग हर्नियाचे काय एवढे?’ हा युक्तिवाद फसवा आहे. अडकलेले आतडे जिवावर बेतू शकते. आणि प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेल्या रुग्णावर पुन्हा शस्त्रक्रिया करणे हा खेळ नव्हे. शिवाय हे दैव नाही. भिंतीवरचा ताण आतील दाब व वक्रतेची त्रिज्या यांबरोबर वाढतो, हे लाप्लासचे सूत्र आपण शिकतो. जलोदराने ताणलेले पोट, झिजलेले स्नायू, व्रण भरणे लांबवणारी स्टेरॉइड व सिरोलिमस ही औषधे, तीन रेषा एकत्र येणारा ‘मर्सिडीज’ छेद: कारणे मोजता येतात. नेदरलँड्समधील ५६० रुग्णांच्या चाचणीत (२०१५) पोटावरील मधला उभा छेद शिवताना टाके १ सेंटिमीटरऐवजी ५ मिलिमीटर अंतरावर घातले, तेव्हा वर्षभरातील हर्निया २१ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर आले. ते प्रत्यारोपणाचे रुग्ण नव्हते. म्हणूनच आपल्या रुग्णांची मोजणी आपणच केली पाहिजे.

आणि दात्यांचे काय? आपल्याकडे बहुतेक यकृते जिवंत नातलग देतात. धडधाकट माणसाच्या पोटावर छेद घेणाऱ्या व्यवस्थेने त्या छेदाची खबर ठेवायला नको?

मी हे तंजावरातून लिहितो आहे. येथील सरस्वती महालात सरफोजीराजांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी, डोळ्यांच्या चित्रांसह, जपल्या आहेत. दोनशे वर्षांपूर्वी कागद-शाईने जे साधले, ते संगणकाच्या युगात अशक्य कसे?

प्रत्येक केंद्राने रुग्ण आणि दाता दोघांच्याही व्रणाची पहिल्या, तिसऱ्या व पाचव्या वर्षीची स्थिती जाहीर करावी. आणि विद्यार्थ्यांनो, पुढची विक्रमी बातमी वाचाल तेव्हा टाळ्या जरूर वाजवा. पण पाचव्या वर्षाचा आकडा मागितल्याशिवाय पान उलटू नका.