डोंगर हिरवा ठेवायचा, पण कुणाच्या खिशातून?



परवाच्या पावसात आमच्या वरच्या खाचरात वीतभर मुरूम येऊन बसला. वर डोंगरउताराला जेसीबी लावून प्लॉटिंगचा रस्ता काढलाय. गवत होतं तोवर पाणी मुरायचं, खालची विहीर फाल्गुनापर्यंत टिकायची. आता पाणी तासाभरात ओढ्याला, अन् माती माझ्या भातात. त्यामुळं आधीच सांगतो, डोंगर फोडायला माझा विरोधच आहे.

पण वाचवायची आपली पद्धत बघा. पुणे महापालिकेत १९९७ ला आजूबाजूची गावं घेतली. त्यातल्या २३ गावांच्या टेकड्यांवर पुढं जैवविविधता उद्यानाचं, म्हणजे बीडीपीचं आरक्षण टाकलं. क्षेत्र साडेनऊशे हेक्टरच्या वर, त्यात बरंचसं खाजगी मालकीचं. २०१५ ला सरकारनं मोबदला ठरवला ८ टक्के टीडीआर. शंभर गुंठे द्या, आठ गुंठ्यांएवढा बांधकामाचा हक्क घ्या, तो बिल्डरला विका. झाड राखल्याचा मोबदलासुद्धा सिमेंटात!

मग व्हायचं तेच झालं. नकाशावर हिरवा रंग, जागेवर पत्र्याची शेड. राखायला माणूस नाही, मालकाला उत्पन्न नाही, अन् अर्ध्या-अर्ध्या गुंठ्याचे तुकडे स्टॅम्पवर विकले जातात. विकणारे पुष्कळदा आपलेच भाऊबंद असतात. आपणबी धुतल्या तांदळाचे नाही.

दुसरीकडं कसं केलं ते सांगतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या पूर्वेला, ईस्ट बे रीजनल पार्क डिस्ट्रिक्ट म्हणून संस्था आहे. १९३४ साल, मंदीचा काळ. तरी तिथल्या लोकांनी मतदान करून स्वतःच्या मालमत्तेवर कर बसवून घेतला अन् त्यातून डोंगर राखायला सुरुवात केली. शहरं वाढत गेली, तशी ही संस्थाही जमिनी घेत गेली. आज लाखाच्या वर एकर तिच्याकडं आहे. त्यातल्या हजारो एकरांवर पशुपालकांची गुरं रीतसर कराराने चरतात. गवत आटोक्यात राहतं, वणव्याचा धोका कमी होतो.

तिथला कायदा वेगळा, जमीन वेगळी, हे मान्य. पण तत्त्व साधं आहे: ज्याला हिरवाई पाहिजे, त्यानं पैसे मोजायचे.

माझं म्हणणं एवढंच. आरक्षण टाकता, तर रोख पैसे देऊन जमीन घ्या. पैसे नसतील तर मालकी आमची ठेवा अन् गवत राखायचं वर्षाला एकरी भाडं द्या. चराई, समतल चर, करवंद-जांभळाची लागवड आम्हाला करू द्या. राखण फुकटात होईल. अन् बेकायदा प्लॉटिंग केलं तर आमच्यातल्याला पण सोडू नका.

कृषीवाल्या मित्रांना एक विनंती. गवताळ उतारावर एकरी किती पाणी मुरतं, किती माती थांबते, हे मोजायची सोपी रीत खाली लिहा. भाडं मागायचं तर आकडा लागतो.

माझ्याकडून सुरुवात करतो. उद्यापासून खाचरातला मुरूम पाट्या मोजून काढतोय. किती निघाला ते इथंच टाकतो.