हैदराबादला जा, पण दुपार वगळून

शाळांना सुट्ट्या लागल्या, राब भाजून झाले आणि लग्नसराईतून दोन-चार दिवस मोकळे मिळाले, की आमच्या दहिवलीत घरोघरी एकच बेत शिजू लागतो : कुठेतरी जाऊन येऊ. माथेरान तर दारातच आहे, त्यामुळे त्याचे अप्रूप कुणाला नाही. लोकांना जरा लांबचे, मोठे आणि पाण्याकाठचे शहर हवे असते. अलीकडे त्यात हैदराबादचे नाव बरेच ऐकू येते. हुसेनसागरावरची संध्याकाळ, चारमिनार, बिर्याणी आणि रात्रीच्या गाडीने जाणे-येणे. दोन दिवसांत सगळे उरकते, असा हिशेब असतो. दवाखान्यात रक्तदाबाच्या गोळ्या लिहून घेताना मग हळूच प्रश्न येतो, "डॉक्टर, आईलाही न्यायचे म्हणतोय. चालेल ना?"

या प्रश्नाचे उत्तर आईच्या वयावर जितके अवलंबून आहे, तितकेच ते खिशातल्या यादीवर अवलंबून आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून मी आधी यादी मागतो. ती साधारण अशी असते : पहिला दिवस चारमिनार, मक्का मशीद, सालारजंग संग्रहालय, बिर्ला मंदिर, हुसेनसागर. दुसरा दिवस गोवळकोंडा, कुतुबशाही कबरी, प्राणिसंग्रहालय, आणि वेळ उरला तर रामोजी फिल्म सिटी. म्हणजे दोन दिवसांत नऊ ठिकाणे, आणि तीही मे महिन्यात! ही यादी धडधाकट तरुणालाही झेपणारी नाही. सत्तरीतल्या मधुमेही बाईंना आणि चार वर्षांच्या नातवाला तर मुळीच नाही.

वाचक म्हणतील, "डॉक्टर, आपल्या कर्जतचा उन्हाळा काय कमी आहे? आम्हाला उन्हाची सवय आहे." कर्जतचा उन्हाळा कमी नाही हे खरेच. पण घरच्या उन्हाळ्यात आपण वागतो कसे, ते पाहा. सकाळी दहापर्यंत बाजार आटोपतो. दुपारी दारे-खिडक्या ओढून घेऊन आपण पडून राहतो. माठातले पाणी, पन्हे, कोकम सरबत, जेवणात ताक, डोक्याला पंचा हे सगळे न सांगता घडते. आपल्याला उन्हाची जी सवय आहे, ती खरे तर उन्हात न जाण्याची सवय आहे! सहलीला निघालो की हा सगळा शहाणपणा आपण माठाबरोबर घरी ठेवून जातो. गाडी दिवसाच्या भाड्याने ठरलेली असते, खोलीचे पैसे भरलेले असतात, म्हणून जो माणूस दहिवलीत दुपारी एक वाजता किराणा आणायलाही बाहेर पडणार नाही, तोच माणूस दुपारी एक वाजता गोवळकोंड्याच्या पायऱ्या चढत असतो.

ऊन किती कमी वेळात घात करते, हे आपल्या जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानात उघड्यावर उन्हात बसलेल्यांपैकी १४ जणांचा उष्माघाताने मृत्यू झाला. त्या दिवशी त्या परिसरात पारा अडतीस अंशांच्या आसपास होता. माणसे वाळवंटात गेली नव्हती. काही तासांचे ऊन, गर्दी आणि सावलीचा अभाव, एवढेच पुरेसे ठरले. हैदराबादेत मे महिन्यात पारा चाळिशीच्या घरात असतो आणि कित्येकदा ती ओलांडतो. २०१५ च्या मे महिन्यातील उष्णतेच्या लाटेत देशात दोन हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यांतील बहुतेक आंध्र प्रदेश आणि तेलंगणातील होती.

त्यात आणखी एक गोष्ट कोकणपट्टीतल्या माणसाने ध्यानात घेतली पाहिजे. आपल्याकडची हवा दमट. घाम येतो, तो वाळत नाही, सदरा अंगाला चिकटतो. त्यामुळे आपल्याला घाम गेल्याचे कळते आणि तहानही आठवते. हैदराबाद दख्खनच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे आणि मे महिन्यात तेथील हवा कोरडी असते. घाम त्वचेवर येताच उडून जातो. सदरा कोरडा राहतो आणि आपला माणूस खुशीने म्हणतो, "इथे ऊन आहे, पण घाम नाही!" घाम असतोच, फक्त तो दिसत नाही. अंगातले पाणी आणि मीठ मात्र जात राहते. संध्याकाळी डोके ठणकू लागते, पायांत गोळे येतात, उलटीची भावना होते. आपण त्याचा दोष बिर्याणीला देतो.

शिवाय नव्या उन्हाशी जुळवून घ्यायला शरीराला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. त्या अवधीत घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून मीठ कमी जाते. दोन दिवसांच्या सहलीत ही संधीच मिळत नाही. शरीर जुळवून घ्यायला लागते, तोवर आपण परतीच्या गाडीत बसलेलो असतो. म्हणून "दोनच तर दिवस आहेत" हे निश्चिंत होण्याचे कारण नव्हे. सहल जितकी छोटी, तितकी तिची आखणी अधिक सांभाळून केली पाहिजे.

मग ती करावी कशी? माझे सूत्र सोपे आहे. घरातील सर्वांत म्हाताऱ्या आणि सर्वांत लहान माणसाच्या चालीने सहल आखावी, आणि सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच हा वेळ आकाशाखाली घालवू नये. एवढे ठरवले की यादी आपोआप निम्मी होते.

गोवळकोंडा पहाटेच उठून करावा. वर बालाहिसारपर्यंत साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. ज्यांचे गुडघे किंवा हृदय साथ देत नाही, त्यांनी खालीच फतेह दरवाजापाशी थांबावे. तिथे वाजवलेली टाळी वर ऐकू जाते, म्हणतात. एकाने खाली टाळी वाजवावी आणि दुसऱ्याने वर ऐकावी, म्हणजे दोघांचेही समाधान होते. दुपारसाठी सालारजंग संग्रहालय आहे. मुसी नदीकाठच्या त्याच्या सध्याच्या इमारतीत ते १९६८ पासून आहे. डोक्यावर छप्पर, बसायला जागा, आणि तासाला ठोके देणारे ते प्रसिद्ध घड्याळ पाहायला मुलेही रमतात. संगमरवरी बिर्ला मंदिर टेकडीवर आहे आणि तिथे अनवाणी जावे लागते. तापल्या फरशीवर पाय पोळून घेण्यापेक्षा ते सूर्यास्ताच्या सुमारास पाहावे. मधुमेहींच्या पायांना चटका बसलेला कळत नाही, त्यांनी तर हे पाळलेच पाहिजे. फिल्म सिटी आणि प्राणिसंग्रहालय ही दोन्ही दिवसभर उघड्यावर फिरण्याची ठिकाणे आहेत. मे महिन्यात ती सरळ खोडून टाकावीत.

आणि हुसेनसागर? तो संध्याकाळचाच. इब्राहिम कुतुबशहाच्या काळात, १५६२-६३ च्या सुमारास बांधलेला हा तलाव. त्याच्या मधोमध बुद्धाचा अखंड दगडातला उंच पुतळा आहे. १९९० साली तो नेताना तराफा उलटला, माणसे दगावली आणि पुतळा तळाशी गेला. पुढे १९९२ साली तो वर काढून उभा करण्यात आला. पाण्यावरून येणारा वारा संध्याकाळी छान लागतो. पण तलावाकाठचे शहर म्हणून दुपार थंड असेल, हा समज चुकीचा आहे. काठावर सावली नसेल तर ऊन वरूनही येते आणि पाण्यावरूनही डोळ्यांवर येते. नावेत बसताना जीवरक्षक जाकीट सर्वांनी घालावे. शहराचे सांडपाणी या तलावात वर्षानुवर्षे येत राहिले आहे. तेव्हा मुलांना त्यात हात-पाय बुडवू देऊ नयेत, आणि बुडवलेच तर साबणाने धुतल्याशिवाय खायला देऊ नये.

सहलीतील सर्वांत वाईट दुपार कोणती, सांगू? शेवटच्या दिवसाची. लॉजची खोली बाराला सोडायची आणि गाडी रात्रीची. मधले तास बॅगा सांभाळत फुटपाथवर जातात आणि माणसे नेमकी तेव्हाच आजारी पडतात. खोली निवडताना सकाळी लवकर ताबा मिळेल का आणि शेवटच्या दिवशी संध्याकाळपर्यंत थांबता येईल का, हे आधी विचारावे. चार पैसे जादा पडले तरी ते सलाईनपेक्षा स्वस्तच पडतात. जाता-येता सोलापूर ते वाडी हा टापू भर दुपारी साध्या डब्यातून ओलांडावा लागणार नाही, अशीच गाडी पाहावी.

आता एक नाजूक विषय. प्रवासात बायका पाणी पीत नाहीत. तहान लागत नाही म्हणून नव्हे, स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून. मग लघवीची जळजळ, ताप, चक्कर. घरी परतल्यावर त्या दवाखान्यात येतात आणि "बाहेरचे खाणे बाधले" असे सांगतात. गाडी ठरवणाऱ्या पुरुषांनी हे लक्षात घ्यावे. चांगले स्वच्छतागृह कुठे आहे हे पाहून त्याप्रमाणे थांबे ठरवणे, हा सहलीच्या आखणीतला पहिला भाग असला पाहिजे. लघवी गडद पिवळी आणि थोडी होऊ लागली, की पाणी कमी पडते आहे असे समजावे.

पाणी तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे प्यावे. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाणी मोजून सांगितले आहे, त्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावे. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर जलसंजीवनी. औषधाच्या दुकानातील पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे ना, हे वाचून घ्यावे आणि पुडीवर लिहिलेल्या प्रमाणातच ती पाण्यात मिसळावी. फळांच्या चवीची गोड पेये ओआरएसच्या नावाने वर्षानुवर्षे विकली गेली. हैदराबादच्याच बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्याविरुद्ध आठ वर्षे लढा दिला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ते नाव वापरण्यास मनाई केली. जुलाब होणाऱ्या मुलाला जास्त साखरेचे पेय दिल्यास जुलाब वाढतात, हे आईबापांनी पक्के ध्यानात ठेवावे. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. निघताना पाच-सहा पुड्या बॅगेत टाकल्या की झाले.

बिर्याणी जरूर खा. ती गरम, ताजी आणि शक्यतो रात्री, पोटाला झेपेल इतकीच. उघड्यावरचा बर्फ आणि कापून ठेवलेली फळे टाळा. रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी काही लघवीवाटे पाणी काढणाऱ्या असतात. त्या मनाने बंद करू नयेत, पण निघण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवून प्रमाण विचारून घ्यावे. इन्सुलिन उन्हात उभ्या गाडीत कधीही ठेवू नये आणि जेवणाची वेळ चुकवू नये.

एखाद्याला उन्हात गळून गेल्यासारखे वाटले, तर सावलीत निजवून पाय थोडे वर करावेत, कपडे सैल करावेत आणि घोट घोट पाणी द्यावे. पण तो असंबद्ध बोलू लागला, अंग चटका बसावा इतके तापले किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजावा. घाम येतो आहे म्हणून उष्माघात नाही, असे मानू नये. ताबडतोब अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा, ओली फडकी काखेत आणि मानेवर ठेवावीत. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. तापाची गोळी येथे उपयोगाची नाही. १०८ क्रमांक फिरवावा. ही रुग्णवाहिका सेवा २००५ साली हैदराबादेतूनच सुरू झाली, आज ती आपल्या महाराष्ट्रातही आहे. गाडी येईपर्यंत अंग गार करणे मात्र थांबवू नये.

तर, आईला न्यायचे का? प्रकृती स्थिर असेल आणि यादी निम्मी केली असेल, तर जरूर न्या. आयुष्यभर चूल आणि शेत सांभाळलेल्या बाईने संध्याकाळच्या वाऱ्यात तलावाकाठी निवांत बसावे, यासारखे औषध नाही. पण नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, किंवा चार पावलांवर दम लागत असेल, तर हा बेत दिवाळीनंतर करा. तेव्हा हवा थंड असते आणि हुसेनसागर कुठे पळून जात नाही. मुलांची शाळा दोन दिवस बुडाली तर बुडू द्या. आई बरोबर असणे अधिक मोलाचे आहे.