कुपवाडला आधी तालमीची जागा द्या

सांगली, मिरज आणि कुपवाड १९९८ साली एका महापालिकेत आली. पाटीवर तिन्ही नावे शेजारी शेजारी लागली, पण मान सारखा मिळाला नाही. सांगलीत विष्णुदास भावे नाट्यमंदिर आहे, दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह आहे. मिरजेत बालगंधर्व नाट्यगृह आहे. कुपवाडचे नाव निघते ते एमआयडीसी, शिफ्ट आणि वर्षानुवर्षे रखडलेल्या ड्रेनेजसाठी. त्यामुळे कुपवाडलाही नाट्यगृह हवे, असे कोणी म्हटले तर त्यात गैर काहीच नाही. तरीही आमचे म्हणणे असे की, मोठ्या वास्तूच्या आधी कुपवाडच्या गावठाणात, बाजाराच्या तोंडाशी, तालमीच्या चार खोल्या उघडा.

नाटकाचा प्रयोग अडीच तासांचा असतो, तालीम महिना-दीड महिना चालते. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या हौशी संघाची खरी दमछाक या दिवसांत होते. शाळेचा वर्ग मिळाला तर बाके भिंतीला लावायची, खडूने फरशीवर दार-खिडकी आखायची आणि शिपाई किल्ल्या घेऊन उभा राहिला की अर्धा प्रवेश टाकून बाहेर पडायचे. पहिल्या पाळीचा नट संध्याकाळी येतो, दुसऱ्या पाळीचा रविवारीच सापडतो. वर्ग नसेल तर कोणाची तरी गच्ची, कोणाचे तरी गोदाम. अशा ठिकाणी रात्री मुलीला पाठवायला घरचे तयार होत नाहीत आणि गुणी मुलगी पहिल्याच आठवड्यात संघातून गळते. उजेड, स्वच्छतागृह आणि रस्त्यावरची वर्दळ असलेली हक्काची खोली मिळाली तर ती टिकेल. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा हा खर्च करावा.

कलावंत बाहेरून आणण्याची या मुलखाला गरज नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' सांगलीत केले, हे आपण दर ५ नोव्हेंबरला अभिमानाने सांगतो. पण कुपवाडपासून काही किलोमीटरवरच्या कवलापूरने शिवा-संभांचा तमाशाचा फड दिला, काळू-बाळूंसारखे सोंगाडे दिले आणि वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांपुढे लोकनाट्य उभे केले, हे त्याच अभिमानाने कितीदा सांगतो? कष्टकऱ्याच्या अंगणातली ही कला आहे. कुपवाड कामगारांचे गाव आहे. तिचा वारसा त्याच्याकडे चालत आला आहे.

यात बाजारपेठेचेही हित आहे. आज कामगार पगार घेऊन खरेदीला सांगलीची वाट धरतो आणि गावठाणातला दुकानदार लवकर शटर ओढतो. भजनी मंडळ, लेझीम पथक, नाट्यसंघ, चित्रकलेचा वर्ग रोज संध्याकाळी भरू लागले की चहाची टपरी, वडापावची गाडी, वह्या-रंगांचे दुकान यांना गिऱ्हाईक मिळते. मिरजेची सतारमेकर गल्ली हा जवळचा दाखला. पंढरपूरकडून येणारा भोपळा तिथे कोरला, तासला जातो आणि त्याची सतार, तंबोरा होतो. गायक-वादक देशभरातून त्यासाठी मिरजेला येतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. कोणत्याही सुशोभीकरण योजनेने गल्लीला एवढी ओळख दिली नसती.

पैसा कुठून आणायचा? ब्राझीलमध्ये साव पावलो शहरात पिंपे बनवणाऱ्या जुन्या कारखान्याचे, वास्तुविशारद लीना बो बार्डी यांच्या आराखड्यानुसार, १९८२ मध्ये कलाकेंद्र झाले. ते चालवणाऱ्या संस्थेला मालकांकडून पगारपत्रकाच्या प्रमाणात निधी मिळतो. आपल्याकडेही १९५३ च्या कायद्याने कामगार कल्याण निधी आहे. जून आणि डिसेंबरच्या पगारातून कामगाराची वर्गणी कापली जाते, मालक आपला वाटा भरतो, कामगार कल्याण मंडळ नाट्य आणि भजन स्पर्धा घेते. म्हणजे कुपवाडचा कामगार या कामासाठी पैसे भरतोच आहे. त्या मंडळाने, महापालिकेने आणि उद्योजकांच्या संघटनेने एकत्र बसून हा हिशेब जुळवावा. एमआयडीसीतली एखादी बंद शेड यासाठी मिळाली तर उत्तमच.

मुंबईच्या गिरणगावात १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरण्या गेल्या, त्या जागी टॉवर आणि मॉल आले, आणि चाळीतल्या भजनी मंडळांची बैठकही मोडली. कुपवाडच्या जागा अजून आपल्या हातात आहेत. मात्र तालमीच्या खोल्या बांधून विसरता कामा नयेत. सार्वजनिक सभागृहे बघता बघता लग्नकार्यांची होतात आणि कलावंतांना तारीख मिळेनाशी होते. म्हणून भाडे किती, वेळ कोणती आणि किल्ली कोणाकडे, हे दारावरच्या फलकावर लिहिलेले असावे; लग्ने आणि राजकीय सभा तिथे नकोत; आणि कारभार पाहणाऱ्या समितीत निम्मे तरी कामगार व महिला कलावंत असावेत.

महापालिकेच्या शाळा संध्याकाळी रिकाम्याच असतात. नव्या इमारतीची वाट न पाहता कुपवाडमधील एका शाळेचे चार वर्ग आयुक्तांनी या पावसाळ्यानंतर तालमींसाठी खुले करावेत आणि येत्या अंदाजपत्रकात वीज, पहारेकरी व दुरुस्तीचा स्वतंत्र खर्च धरावा.