आधी अचूक, मग वेगवान

कोकणातल्या तळीये गावावर २२ जुलै २०२१ रोजी दरड कोसळून ८०हून अधिक माणसे गेली. त्याच सुमारास वर महाबळेश्वरात चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. घाटातला असा पाऊस संगणकावर मांडण्यासाठी संशोधक डब्ल्यूआरएफसारखी हवामानाची प्रारूपे वापरतात. डब्ल्यूआरएफ बहुतांशी फोर्ट्रानमध्ये आहे आणि लिनक्सवर मूळ कोडपासून बांधून घ्यावे लागते. माझे ठाम म्हणणे असे, की पहिली बांधणी वेगासाठी करूच नये. ‘फास्ट-मॅथ’ हा पर्याय कंपायलरला बेरजांचा क्रम बदलण्याची आणि अवैध संख्या येणारच नाहीत असे गृहीत धरण्याची मुभा देतो. मग त्या पकडण्यासाठी लिहिलेली तपासणीच गळून पडू शकते. आधी ऑप्टिमायझेशन शून्यावर ठेवावे, ॲरेच्या सीमांची तपासणी चालू करावी, आणि विदा साठवणाऱ्या नेटसीडीएफची फोर्ट्रान लायब्ररीही त्याच कंपायलरने बांधावी, कारण एका कंपायलरच्या मॉड्यूल फाइली दुसऱ्याला सहसा वाचता येत नाहीत. अंदाज वेळेत हवा, हा आक्षेप खरा आहे, कोकणच्या जुलैत तर फारच. पण वेग नंतर एकेक पर्याय वाढवून, दर वेळी पावसाचे आकडे ताडून मिळवता येतो. शेवटच्या दशांशाने काय बिघडते, असेही विचारतात. १९६१ साली हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी सहाऐवजी तीनच दशांश स्थळे भरली आणि त्यांचे संगणकातले हवामान वेगळ्याच वाटेला लागले. ही संवेदनशीलता काढून टाकता येत नाही. म्हणूनच दोन बांधण्यांतला फरक निव्वळ पूर्णांकनाचा की कोडमधल्या चुकीचा, हे एकाच धावेवरून नव्हे, अनेक धावांच्या समूहाशी ताडून ठरवावे लागते.