‘इन्सान’ ऐकणाऱ्या पोरी

नसरापूरच्या चेलाडी फाट्यावर वेल्ह्याच्या एस्टीची वाट बघत उभं राहिलं, की अर्ध्या तासात एम. सी. स्टॅन दोनतीनदा तरी कानावर पडतो. कधी वडापच्या जीपमध्ये, कधी शिरवळहून रात्रपाळी करून परतणाऱ्या पोरांच्या मोबाईलवर. ज्या मैत्रिणींना हे नाव ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. हा अल्ताफ शेख, १९९९ चा जन्म, पुणे स्टेशनजवळच्या ताडीवाला रोडच्या वस्तीत वाढलेला. लहानपणी कव्वाली गायचा, मग रॅपकडे वळला. रॅप म्हणजे ठेक्यावर भरभर बोलत म्हटलेलं गाणं. २०२० मध्ये त्याचा ‘तडीपार’ हा पहिला अल्बम आला, २०२२ मध्ये ‘इन्सान’ हा दुसरा. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो ‘बिग बॉस’ जिंकला आणि घराघरात पोचला. त्याच्या गाण्यांत वस्ती आहे, पैशाची ओढाताण आहे, आईबाप आहेत. शिव्याही आहेत, आणि त्यातल्या पुष्कळशा आपल्या सगळ्या शिव्यांसारख्या बाईच्या शरीरावरून जाणाऱ्या.

आमच्या किशोरी गटांत हा विषय मी काढला नव्हता, पोरींनीच काढला. भोर आणि वेल्हे (ज्याचं नाव राजगड करायचा निर्णय सरकारनं २०२४ मध्ये घेतला) अशा दोन्ही तालुक्यांतल्या मुलींचं शिबिर होतं. रात्री जेवणं झाल्यावर कुणीतरी ‘इन्सान’ लावलं आणि मला बघून झटकन बंद केलं. मी म्हटलं, “लावा की, मलाही ऐकू दे.” मग दोन तास आम्ही तेच करत बसलो.

मला वाटलं होतं, मुली शिव्यांवरून नाकं मुरडतील किंवा लाजतील. तसं झालं नाही. एकीचं मत असं, की ‘तडीपार’मध्ये राग होता, दुसऱ्यात त्याला पैसा दिसायला लागला, गाणी गोड झाली पण भूक कमी झाली. दुसरीला हेच उलटं वाटत होतं. “ताई, पहिल्यात त्यो नुसता भांडतो. दुसऱ्यात एकटा पडल्यावानी वाटतो. मला त्योच आवडला.” यंत्रातून काढलेला तो थरथरता आवाज कुणाला रडवेला वाटला, कुणाला खोटा. पुण्यात मामाकडे राहून आलेली एक म्हणाली, “आपण बोलताना मराठीत हिंदी घुसडलं की शाळेत हसतात. त्यानं तसंच बोलून नाव काढलं.” हे ऐकून मी जराशी वरमले, कारण मीही मुलींना ‘शुद्ध बोला’ असं सांगत आलेय.

मग ‘शेमडी’ निघालं. स्टॅनमुळे हा शब्द देशभर गेला. मूळ आपलंच, नाक गळणारी ती शेंबडी. पण तो समोरच्या पुरुषालाही शेमडीच म्हणतो. दहावीतल्या एका मुलीनं विचारलं, “पोराला कमी दाखवायचं तर त्याला पोरगी कशाला करायचं? शेंबडा म्हणायला काय झालं?” एम. एस. डब्ल्यू. करताना लिंगभाव या विषयावर मी दोन पेपर लिहिले, पण इतक्या थोडक्यात मला ते कधी मांडता आलं नाही. त्यावरून ‘बायल्या’, ‘बांगड्या भर’ हे सगळं त्यांनीच काढलं. शिव्यांची यादी झाली, तेव्हा लक्षात आलं की त्यातली एकही त्या स्टॅनकडून शिकलेली नव्हती. नांगराचा बैल अडला की त्याला आईवरून, शिमग्याला गावाला गावावरून, दारू प्यालेल्या बापाकडून आईला.

तरीही गाण्यातल्या शिवीचा त्रास नाही असं मी म्हणणार नाही. एस्टीत मागच्या बाकावरची पोरं नेमकी तीच ओळ मोठ्यानं लावतात आणि मुलींकडे बघून म्हणतात. गाण्याची आड असल्यामुळे तक्रार कुणाची करायची? कंडक्टरला सांगावं तर तो म्हणणार, गाणंच तर वाजतंय. घरी सांगावं तर दुसऱ्या दिवसापासून कॉलेज बंद. म्हणून मुली गप्प बसतात आणि त्याच गाण्यातला आपल्याला हवा तो भाग रात्री एका कानात इयरफोन घालून, भाकरी थापताना ऐकतात.

मार्च २०२३ मध्ये इंदूरमधला स्टॅनचा कार्यक्रम एका संघटनेच्या लोकांनी मंचावर चढून बंद पाडला. कारण काय, तर गाण्यांत शिव्या आणि बायकांचा अपमान. बायकांचा अपमान होतो हे आपणही म्हणतो. पण त्या गर्दीला कुणा ऐकणाऱ्या मुलीला विचारावंसं वाटलं नाही. बायकांच्या अब्रूचे असे रखवालदार आपण पुष्कळ पाहिलेत. ते आधी शिवी बंद करायला निघतात आणि शेवटी मुलीचं बाहेर पडणं बंद करून थांबतात.

आमच्या गटातल्या बारावीच्या एका मुलीचं तेच झालं. भावानं तिच्या फोनवर ही गाणी पाहिली आणि ‘असलं घाण ऐकतेस’ म्हणून फोन काढून घेतला. तो स्वतः तीच गाणी ट्रॅक्टरवर लावतो. नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म त्याच नंबरवर भरलेला. ओटीपी येत राहिले, तिला कळलेच नाहीत, मुदत गेली. एक वर्ष गेलं. आता घरात स्थळं बघायला सुरुवात झालीय.

मुलींना दुसरं काही ऐकवावं म्हणून मी माही जीची गाणी लावली. ती मधुरा घाणे, महादेव कोळी समाजातली, आदिवासींच्या प्रश्नांवर रॅप करते. गोवंडीच्या सानिया मिस्त्रीचंही ऐकवलं. आमच्यातली एक महादेव कोळी मुलगी सावरून बसली, पुन्हा लावा म्हणाली. बाकीच्यांचं मत, “चांगलंय, पण अभ्यासासारखं वाटतंय.” मग पुन्हा स्टॅन. मला वाईट वाटलं, पण मत ते मत.

या मुलींच्या आज्या गात नव्हत्या असं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी १९८० च्या दशकापासून मुळशी, मावळ, भोर, वेल्हे अशा डोंगरी भागांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. तो संग्रह एक लाखाच्या वर गेला. मुलीच्या जन्माचा सल, सासर, नवऱ्याची मारझोड हे सगळं त्यांत स्पष्ट बोललेलं आहे. पण पहाटे जात्यापाशी, पुरुष झोपलेले असताना. नातीच्या कानात इयरफोन आहे, तिचंही मत तसंच घरात कुणाच्या कानावर पडत नाही. अल्बमचं नाव ‘इन्सान’, माणूस. त्या माणसात मी धरलेय का, असं एक मुलगी शिबिरात सहज म्हणून गेली, आणि पुढचं गाणं लागलं.

पोरांशी बोलल्याशिवाय हे पुढे सरकणार नाही, हे मला उशिरा कळलं. आजवर शिबिरं मुलींची घेतली, पोरं बाहेर मोटारसायकली फिरवत राहिली. पुढच्या महिन्यात भोरला मुलं-मुली एकत्र बसवून हाच अल्बम ऐकायचा आहे. कुठल्या ओळीवर कोण हसतं, कोण खाली बघतं, ते एकमेकांसमोर दिसू दे. त्या बारावीच्या मुलीच्या भावालाही निरोप दिलाय. येतो म्हणालाय. फोनचं विचारलं, त्यावर काही बोलला नाही.